काठचा मासा

सकाळचे पावणेसहा. उजाडलंय, पण ऊन अजून समोरच्या कड्याच्या पलीकडेच आहे. हिमाचलमधल्या गुशैणी गावाच्या थोडं खाली अक्रोडाच्या झाडांमधून पायवाट तीर्थन नदीकडे उतरते, आणि नदी दिसायच्या कितीतरी आधी तिचा आवाज अंगावर येतो. एकसारखा, न थांबणारा. त्या आवाजाच्या पोटात मधूनच एक घुमा ठोका पडतो, लांब कुठेतरी मुसळ आपटल्यासारखा. मी थबकते.

“तो पाण्याचा नाही,” पुढे चाललेले चाचाजी मागे न वळता सांगतात. “तळातले पत्थर सरकतायत.”

झाडी संपते आणि नदी समोर येते. तांदळाच्या धुवणासारखं पाणी, त्यात हिरवट झाक. मार्चमध्ये ज्या धोंड्यावर बसून मी डबा खाल्ला होता तो शोधते, तर त्याच्या जागी पाण्याचा फक्त एक फुगवटा आहे, गुळगुळीत, आणि त्याच्यामागे पांढरा फेस. तेव्हा ही नदी चार-पाच पावलांत, दगडांवरून उड्या मारत ओलांडता येत होती. आज तिच्या मधल्या धारेकडे नुसतं बघत राहिलं तरी तोल गेल्यासारखं वाटतं.

जूनचा पहिला आठवडा. कुडाळजवळच्या माझ्या गावी कर्ली नदी या दिवसांत रोडावलेली असते. कोंडींमधून तेवढं पाणी उरतं, बाकी गोटे आणि वाळू, आणि सगळा गाव आभाळाकडे डोळे लावून बसलेला. आपण नद्या फुगताना पाहतो त्या पावसाने. उन्हाने नदी फुगते हे सांगून कळतं, पण डोळ्यांना पटायला वेळ लागतो. इथे जितकं ऊन कडक तितकी नदी मोठी. दिवसभर वरच्या शिखरांवरचं बर्फ वितळतं, ते पाणी ओढ्याओढ्यांनी उतरून इथवर पोचेपर्यंत संध्याकाळ होते, रात्र होते. रात्रीच्या गारठ्यात वितळणं मंदावतं, म्हणून पहाटे नदी त्यातल्या त्यात उतरलेली. कोकणातल्या माणसाला हे एका शब्दात कळेल: नदीला रोजची भरती-ओहोटी आहे. आत्ता ओहोटीची वेळ आहे आणि आमच्या हातात फार तर चार तास आहेत.

चाचाजी पाण्याच्या कडेला उकिडवे बसतात आणि तीन गोटे ओळीने मांडतात. पहिला पाण्याला टेकलेला, दुसरा त्याच्या वीतभर वर, तिसरा आणखी वीतभर वर.

“पहिला बुडाला तर बुडू दे. दुसरा बुडाला की मला सांगायचं. तिसरा बुडाला की बस्स, घरी.” मग माझ्या गुडघ्याला काठी टेकवून म्हणतात, “आणि बेटा, पाणी याच्यावर नाही. मासा गेला तर जाऊ दे.”

मी मान डोलावते. चाचाजींचं वय साठीच्या पुढचं. डोक्यावर कुल्लूची टोपी, पायात रबरी बूट. ते या नदीच्या काठी वाढले आणि तिच्याबद्दल कधीच मोठ्या आवाजात बोलत नाहीत. ही नदी जिथे बियासला मिळते ते लारजी इथून दूर नाही. तिथल्या धरणातून अचानक सोडलेल्या पाण्यात २०१४च्या जूनमध्ये हैदराबादचे २४ विद्यार्थी वाहून गेले. काठावर उभं राहून फोटो काढणारी मुलं होती ती. तीर्थनवर धरण नाही, इथे असं अचानक सोडलेलं पाणी येत नाही. तरी या खोऱ्यात गुडघ्याच्या वर पाण्यात शिरण्याचं नाव कुणी काढलं की जुनी माणसं गप्प होतात, ते उगीच नाही.

अक्रोडाखालच्या गवतावर बसून आम्ही थर्मासमधला चहा पितो. परवाना खिशात आहे. मत्स्य विभागाकडून रोजच्या रोज घ्यावा लागतो, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी, ट्राउटच्या विणीच्या काळात, तो मिळतच नाही. मी काठीचे चार तुकडे जोडते. नऊ फुटांची, बोटाएवढ्या बुडापासून काडीइतक्या शेंड्यापर्यंत निमुळती होत गेलेली. रिळावरची दोरी जाडसर, पिवळी. आपल्याकडच्या साध्या गळाला शिशाचं वजन असतं, आणि ते वजन दोरीला ओढत नेतं. फ्लाय म्हणजे आकड्यावर पिसं नि दोरा गुंडाळून केलेला नकली किडा. तो स्वतःच्या वजनाने कुठे जाणार? म्हणून इथे वजन दोरीत असतं. काठी मागेपुढे झुलवून ती जड दोरी हवेत उलगडायची, आणि तिच्या टोकाच्या पारदर्शक धाग्याला बांधलेला किडा तिच्या मागोमाग जातो. हात एकदा बसला की यासारखा आनंद नाही. दोरी डोक्यामागे पूर्ण सरळ होते तो क्षण डोळ्यांना दिसत नाही, खांद्याला कळतो.

म्हणूनच मी चूक करते. दोरी बाहेर काढते, गुडघाभर पाण्यात उतरते आणि दूरची फेक करते, मधल्या धारेच्या पलीकडे, जिथे एका काळ्या कातळामागे पाणी जरा शांत दिसतंय. दोरी उलगडते, किडा हवा तिथे पडतो, आणि त्याच क्षणी मधली धार दोरीचं पोट धरून खाली खेचते. किडा पाण्यावरून फरफटत निघतो. पुन्हा टाकते. पुन्हा तेच. पाच-सहा वेळा झाल्यावर मागून आवाज येतो.

“बेटा, तू आत्ता जिथे उभी आहेस ना, मासा तिथेच होता.”

मी खाली बघते. माझ्या पायांभोवती पाणी जेमतेम हलतंय. मार्चमध्ये इथे कोरडे गोटे होते.

आणि मला माझा आजो आठवतो. मिरगाच्या पहिल्या पुरात, रात्री, कंदील माझ्या हातात देऊन तो खांद्यावर पाग घेऊन कर्लीच्या काठाने चालायचा. चढणीचे मासे धरायचे ते दिवस. नदीला लोंढा आला की मळये, खवळे, शेंगाळे मधल्या ओघातून बाजूला होतात आणि कडेकडेने, व्हाळातून, शेताच्या बांधाशी लागून वर चढतात. मी पोर, माझे डोळे नदीच्या मध्यावर, जिथे सगळा गोंगाट. आजो म्हणायचा, “मधी खंय बगतंस? पायाकडे बग.”

चढणीचे मासे धरू नयेत, त्यांची पोटं अंड्यांनी भरलेली असतात, हे मला फार उशिरा कळलं, आणि आता मी गावी गेले की सांगतेही. पण पाण्याचं ज्ञान आजोकडे पुरेपूर होतं. हजारो किलोमीटरवरच्या या थंड नदीच्या काठी, वेगळ्या भाषेत, तेच शब्द पुन्हा कानांवर पडतात तेव्हा गळ्याशी काहीतरी दाटतं.

मी बाहेर येते. चाचाजी आता मला काठी धरू देत नाहीत. आधी दगड बघ, म्हणतात. काठालगतच्या वीतभर पाण्यातून ते एक चपटा दगड उचलतात आणि उलटा करून माझ्या हातात देतात. दगड इतका गार आहे की बोटं दुखतात. मघाशी मोजलं तेव्हा पाणी ८ अंश होतं. क्षणभर काही दिसत नाही, फक्त ओला करडा पत्थर. मग त्यातला एक भाग सरकतो. चपटा, दगडाला चिकटून चालणारा किडा, तीन शेपट्यांचा: मेफ्लायचं पिल्लू. त्याच्याशेजारी दगडाला चिकटलेली एक नळी, भाताच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी. मी ती डोळ्यांजवळ नेते. सगळी वाळूच्या कणांची, एकेक कण निवडून, कोनाला कोन जुळवून बसवलेला. त्यात एक कण अभ्रकाचा आहे, दगड हलवला की चमकतो. नळीच्या तोंडातून काळं डोकं आणि सहा बारीक पाय बाहेर येतात, माझी सावली पडताच आत जातात. कॅडिसचं हे घर. स्वतःच्या तोंडातल्या रेशमाने एकेक कण जोडून बांधलेलं, आणि वर एवढी नदी गर्जत असताना बांधलेलं. मी दगड जसा होता तसा, त्याच खाचेत, परत ठेवते.

दुसऱ्या दगडाखाली चाचाजींना हवा तो किडा सापडतो. बोटाच्या पेराएवढा, मधाच्या रंगाचा, दोन शेपट्यांचा. स्टोनफ्लायचं पिल्लू. “पाणी चढलं की हे सुटतात,” ते म्हणतात. “धार त्यांना उपटून आणते आणि कडेला टाकते. मासा इथे थंड बसून खातो. मधे कशाला मरायला जाईल?”

त्यांच्या या एका वाक्यात सगळं शास्त्र आहे. वाहत्या पाण्याला तळ आणि काठ घासतात, म्हणून तिथे त्याचा वेग कमी पडतो. मधे माणूस वाहून जाईल अशी धार असते, त्याच क्षणी काठापासून हातभर अंतरावर, एखाद्या मुळाच्या आडोशाला, पाणी जवळजवळ उभं असतं. ट्राउट जिवंत राहते ती हिशेबावर: पोहण्यात जेवढं बळ खर्च होईल त्याहून जास्त खाण्यातून मिळायला हवं. नदी लहान असते तेव्हा हा हिशेब सगळ्या पात्रात जुळतो, मासे विखुरलेले असतात. नदी मोठी झाली की तो फक्त काठावर जुळतो. एरवी ज्या पाण्यात मासे शोधायला दिवस लागतो, ते सगळे मासे आता आपल्या पायाशी दोन चिंचोळ्या पट्ट्यांत येऊन बसलेले असतात. पूर बघून लोक गळ गुंडाळून घरी जातात. चाचाजी अशाच दिवसांची वाट बघतात.

ते खिशातून औषधाच्या गोळ्यांची जुनी डबी काढतात. आत त्यांनी घरी बांधलेले किडे आहेत, त्यांच्याच कोंबड्याची पिसं वापरून. त्यातला एक निवडतात: तपकिरी, जाड, डोक्याशी धातूचा मणी, दोन्ही बाजूंना रबराचे पाय. माझा बारीक धागा तोडून जाड बांधतात. गढूळ पाण्यात माशाला धागा दिसत नाही, आणि धारेत बारीक धागा टिकत नाही.

पन्नास पावलं खाली आमच्याच काठाला एक मोठा धोंडा पाण्यात घुसलाय. त्याच्यामागे पाणी वळून उलटं फिरतं, काठाशी येऊन पुन्हा वर जातं. मी खालच्या बाजूने, वाकून, दबकत निघते. चाचाजी दंडाला धरून थांबवतात आणि ओल्या वाळूवर बोटाने नदी काढतात. मासा नेहमी येणाऱ्या पाण्याकडे तोंड करून उभा राहतो. नदीचं पाणी वरून येतं, म्हणून त्याचं तोंड वरच्या दिशेला. पण या भोवऱ्यात पाणी खालून वर चाललंय. म्हणजे इथला मासा खाली तोंड करून उभा असणार, आणि मी निघाले होते थेट त्याच्या डोळ्यांसमोरून.

वळसा घालून मी धोंड्याच्या वरच्या अंगाने येते. गुडघे टेकते. आता फेक वगैरे काही नाही. दोरी काठीच्या शेंड्याबाहेर हातभर, त्यापुढे धागा. काठी पुढे करून किडा धोंड्याच्या कुशीत नुसता सोडते. तो बुडतो. दोरीचं टोक उलट्या पाण्याबरोबर हळूहळू माझ्याकडे सरकू लागतं. सरकतं, सरकतं, आणि थांबतं.

मी काठी उचलते आणि काठी परत खाली वाकते. जिवंत वजन. एक, दोन जड झटके, मग मासा धोंड्याला वळसा घालून मधल्या धारेत घुसतो आणि रीळ ओरडू लागतं. मी घाबरून रीळ दाबून धरते. काठी कमानीसारखी होते, आणि मग एकदम सरळ. धागा हवेत. किडा गेला, मासा गेला.

हात थरथरताहेत. किती मोठा होता ते मी पाहिलंही नाही. त्याच्या तोंडात आता आकडा राहिला, याचं मला वाईट वाटतं. चाचाजींना ते दिसतं. आकड्याची नांगी आधीच पक्कडीने दाबलेली होती, तो निघून पडेल, असं ते सांगतात. मग थोड्या वेळाने: “तू माशाशी नाही, नदीशी ओढाओढी केलीस. धारेत गेला की त्याच्याबरोबर काठाने धावायचं. काठी आडवी, काठाकडे. त्याला बाहेर काढायचं नसतं, बाजूला घ्यायचं असतं.”

मी पहिला गोटा बघून येते. बुडालाय. दुसऱ्याच्या बुडाला पाणी लागलंय. समोरच्या कड्यावरून ऊन खाली उतरलं आहे आणि पाण्यावर धूसर वाफ दिसते. एक डिपर पक्षी, मातकट, गुबगुबीत, फेसातल्या एका टोकावर बसून गुडघे दुमडल्यासारखा खालीवर होतो आणि सरळ पाण्यात शिरतो. बुडी मारून तळावर चालतो, चोचीत किडा घेऊन वर येतो. तोही काठालगतच शोधतोय.

साडेआठच्या सुमारास, एका बुडालेल्या झुडपाच्या खालच्या अंगाला, दोरी पुन्हा थांबते. या वेळी मी रीळ सोडून देते आणि धावते. गोट्यांवरून, चिखलातून, काठी आडवी धरून. वीस पावलं, तीस. मासा धारेत आहे, पण मी त्याच्या बाजूला आहे, आणि एका ठिकाणी, जिथे काठ आत वळतो, तिथे तो थकून आत येतो. चाचाजी जाळी खाली धरतात.

मी आधी हात पाण्यात बुडवते. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याला रोग धरतो. मग उचलते. तेरा इंच असेल. ब्राउन ट्राउट. पाठ शेवाळलेल्या दगडाची, कुशी लोण्यासारखी पिवळी, पोटाकडे सोनेरी होत गेलेली. कुशीवर काळे ठिपके, त्यांच्यामध्ये लाल, आणि प्रत्येक लाल ठिपक्याभोवती फिकट निळसर कडं. हे ठिपके कोणत्याही दोन माशांचे सारखे नसतात. कल्ला उघडतो, मिटतो. डोळा माझ्याकडे नाही, पाण्याकडे. मी त्याला परत पाण्यात धरते, तोंड धारेकडे करून, शेपटीच्या बुडाशी दोन बोटांची कडी. सात, आठ श्वास. मग बोटांतून एक जोर सुटतो आणि ती जागा रिकामी होते.

हा मासा इथला नाही, हे मी विसरू शकत नाही. ब्रिटनहून काश्मीरला पाठवलेली पहिली अंडी वाटेतच मेली. १९०० साली आलेली जगली. तिथून काही वर्षांनी, १९०९मध्ये, अंडी कुल्लूला आणली गेली. त्यामागे होता हॉवेल नावाचा इंग्रज अधिकारी, आणि या उद्योगावर त्याने १९१६ साली आपल्या मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये लेखही लिहिला. इथला मूळ मासा वेगळाच. त्याला स्नो ट्राउट म्हणतात, पण कूळ रोहू-कटल्याचं. जगातल्या सर्वांत घातक १०० परक्या जीवांच्या यादीत ब्राउन ट्राउटचं नाव आहे, आणि ज्या नद्यांत ती रुजली तिथल्या मूळ माशांनी त्याची किंमत मोजली आहे. मला हा मासा सुंदर वाटतो आणि मला त्याच्याबद्दल हेही माहीत आहे. दोन्ही गोष्टी मी बरोबर घेऊनच पाण्याशी येते.

आणि तरी, या माशाने नदीचं एक काम केलं. तीर्थनवर वीजप्रकल्प उभारायचे बेत होते. बंजारचे माजी आमदार दिलेराम शबाब यांनी लोकांना घेऊन त्याविरुद्ध लढा दिला, न्यायालयात गेले, आणि नदी मोकळी राहिली. ट्राउटची नदी म्हणून तिची ओळख त्या लढ्यात कामी आली. वरच्या अंगाला ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यान आहे, २०१४ पासून जागतिक वारसा. चाचाजी त्या लढ्याबद्दल फार बोलत नाहीत. एवढंच म्हणतात, “बांध झाला असता तर मी हे गोटे कशाला मांडले असते? पाणी कधी चढणार ते फोनवर विचारावं लागलं असतं.”

दहा वाजायला आलेत. दुसरा गोटा दिसत नाही. पाण्याचा रंग बदलतोय, हिरवट झाक जाऊन तपकिरी येतेय. गुशैणीला तीर्थनमध्ये मिळणाऱ्या फलाचन नदीच्या खोऱ्यात काल संध्याकाळी वीज चमकत होती, तिकडची माती असावी. आता काड्या वाहत येऊ लागल्यात, मग पानं, मग एक आख्खी फांदी. तळातले ठोके वाढलेत. मघाशी सुटे ऐकू येत होते, आता एकात एक मिसळतात.

मी अजून एकदा त्या धोंड्याकडे बघते. त्याची कुशी आता उरलेली नाही, पाणी वरून चाललंय. चाचाजी तिसऱ्या गोट्याशी उभे आहेत. गोट्याच्या एका अंगाला पाणी लागलंय, दुसरं अंग अजून कोरडं. ते काही बोलत नाहीत. मी दोरी गुंडाळते, काठीचे तुकडे सोडवून पिशवीत भरते, आणि थर्मास घ्यायला अक्रोडाकडे वळते.

“थांब,” चाचाजी हळूच म्हणतात.

आम्ही सकाळी चहा प्यायला बसलो होतो त्या गवतात पाणी शिरलंय. वीतभर खोल, जवळजवळ स्थिर, गवताची पाती खालून वर उभी तरंगणारी. पात्यांच्या मधे एक सावली आहे. ती सावली किंचित डावीकडे सरकते, पांढरं काहीतरी उघडून मिटतं, आणि पुन्हा जागेवर येते. आमच्या थर्मासपासून चार हातांवर.

मी श्वास रोखून उभी राहते. चाचाजी खाली बसतात, थर्मासच्या पट्ट्यात काठीचं टोक अडकवतात आणि पाणी न हलवता, अगदी हळू, तो आपल्याकडे ओढू लागतात.